म्हशीच्या पायाखालचा गुलाब

त्या साली नांदखेड्यात माणसं कमी आणि कापूस जास्त, अशी गत झाली होती. भाव चढेल, भाव चढेल म्हणत जो तो कापूस घरात दाबून बसला. दिवाळीची संक्रांत झाली, संक्रांतीची होळी झाली, भाव जिथल्या तिथे. ओटीवर कापूस, माजघरात कापूस, देवघरात देवाला टेकायला जागा नाही. पाहुणा आला तर त्याला कापसात बुडवून बसवायचा आणि जाताना हात धरून उपसून काढायचा.

घरात साठलेल्या कापसात बारीक किडा पडतो. तो डोळ्यांना सापडत नाही, पण अंग त्याला बरोबर सापडतं. होळीपर्यंत सगळं गाव खाजवायला लागलं. ग्रामसभेत ग्रामसेवकाने विचारलं, पाणीपट्टी वाढवायला ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करा. नेमकी त्याच वेळी दोनशे माणसांना मानेमागे खाज सुटली. ठराव एकमताने पास झाला. ज्याला खोटं वाटत असेल त्याने नांदखेड्याची पाणीपट्टी भरून पाहावी.

गावाच्या या खाजेवर सुनंदाबाईचं नशीब उघडलं.

दोन वर्षांपूर्वी तिने एरंडोलला बचत गटाच्या शिबिरात तीन दिवस बसून साबण करायला शिकून घेतलं होतं. निंबोळीचं तेल, खोबरेल, कॉस्टिक सोड्याचं पाणी. ढवळत राहायचं, पिठल्यासारखं घट्ट झालं की साच्यात ओतायचं, दोन दिवसांनी काढून महिनाभर वाळवायचं. वास असा की माशीसुद्धा परवानगी घेऊन आत यायची. पण त्या साबणाने अंघोळ केली की खाज चार तास गप्प बसायची. गाव तिच्या दाराशी रांग लावू लागलं. पन्नाशी ओलांडलेली, गुडघ्यांनी कुरकुरणारी सुनंदाबाई बाजेवर अशी बसायची, जशी तहसीलदारीण.

अडचण एकच होती, साच्याची. आधी तिने स्टीलच्या वाट्यांत साबण ओतला. तो वाटीला असा चिकटला की शेजारच्या म्हाताऱ्या ताईबाईने आठ दिवस वाटीसकट अंघोळ केली. मग तिने केळीच्या खोडाच्या सोपा, म्हणजे वाकड्या साली, आणल्या. त्यातून साबण सुटायचा, पण सोपेचा बाक घेऊन सुटायचा, होडीसारखा. आणि सोप दुसऱ्या खेपेला कुजायची. सुनंदाबाईला त्याचं काही वाटत नव्हतं. खाजवणारा माणूस आकार बघत नाही, असं तिचं मत होतं.

हे मत फिरलं ते धाकट्या जावेमुळे.

मोतीलाल आणि चुडामण हे दोघे भाऊ. वाटणी झाली तेव्हा घर मधोमध कापलं आणि मागच्या अंगणात छातीएवढी भिंत घातली. भिंतीच्या अलीकडे मोतीलालची सुनंदाबाई, पलीकडे चुडामणची रूपा. रूपा पंधरा वर्षांनी लहान, बारीक, हसतमुख. तिला कधी कुणी रागावलेलं पाहिलं नव्हतं, आणि सुनंदाबाईची तिच्याबद्दल सगळ्यात मोठी तक्रार हीच होती.

होळीच्या आधी रूपाच भिंतीवरून वाकून म्हणाली होती, "अक्का, माले बी शिकाड ना साबन."

सुनंदाबाईने शिकवलं. शिकवताना तिला बरं वाटलं. शिकणाऱ्याची मान खाली असते.

मग रूपाच्या भावाने, सुरतेला कारखान्यात असलेल्या कुंदनने, येणाऱ्या गाडीवर एक पुडकं पाठवलं. त्यात गुलाबी रबरासारखे दोन साचे निघाले, एकेकात सहा खळगे, प्रत्येक खळग्यात एक उमललेला गुलाब. वाकवला तर वाकतो, पिळला तर पिळतो, सोडला की पुन्हा जागेवर. त्याला सिलिकॉन म्हणतात, असं रूपा म्हणाली. साबण ओतायचा, दोन दिवसांनी उलटा करून पाठीवर बोट दाबायचं, की टप्‌दिशी फूल हातात. पाकळ्या मोजून घ्या.

पहिली फिरली ती ताईबाई.

"ताईबाई, तू बी?" सुनंदाबाईने ओट्यावरून विचारलं.

"तुना साबन काम करस माय, मी कव्हय नई म्हनस," ताईबाई पदराखालचं फूल सावरत म्हणाली, "पन हाऊ दखाले बी बरा शे. मातारपनमा कोन माले फूल देस?"

सुनंदाबाईच्या पोटात जे पेटलं त्यावर पंगतीचा भात शिजला असता. ती भिंतीकडे पाठ करून बसायला लागली. पण पाठीला डोळे फुटले. पलीकडे कडी वाजली की ही मोजायची, आज सातवी बाई. हसण्याचा आवाज आला की ही भाकरी अशी थापायची की ती परातीतून उठून पळेल. रूपाने नवी चोळी शिवली तर साबणाची, रूपा खोकली तरी साबणाचीच ऐट.

मोतीलाल शांत माणूस. तो एकदा जेवता जेवता म्हणाला, "गावले कापूसनी खाज शे. तुले रूपानी."

"जेवा गुमान," ती म्हणाली.

मग चैत्रात भूपेंद्र आला. नरडाण्याकडच्या एका जिनिंगचा, कापसाची सरकी काढणाऱ्या कारखान्याचा, हा व्यवस्थापक, पांढऱ्या शर्टातला, चष्म्याचा. आला होता कापूस बघायला. चार घरांत कापूस बघून झाल्यावर त्याला अशी खाज सुटली की तो शर्टासकट ताईबाईच्या न्हाणीत शिरला. तिथे त्याला एक होडी आणि एक गुलाब सापडला. दोन्ही लावून बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

दोन्ही जावांना समोर उभं करून तो म्हणाला, "माझ्याकडे दीडशे मजूर आहेत. दिवसभर कापसात काम करतात, सगळे खाजवतात. महिन्याला चारशे वड्या लागतील, वर्षभर. मागे एका गटाकडून घेत होतो. दोन महिन्यांत त्यांचे साचे फुटले, साबण बंद पडला, मालकाच्या शिव्या मी खाल्ल्या. तेव्हा मला दोन गोष्टी हव्यात. वड्या एका वजनाच्या आणि साचा वर्षभर टिकणारा. ज्येष्ठातल्या पहिल्या बुधवारी येतो. दोघींनी पंचवीस-पंचवीस वड्या आणि आपापले साचे दाखवा. काम एकीलाच देईन. दोन दारांत गाडी उभी करायला मला वेळ नाही."

हे काम मिळालं तर कापूस पडून राहिला तरी मोतीलालची पेरणी अडली नसती. पण खरं सांगायचं तर पेरणी सुनंदाबाईच्या मनात दुसऱ्या नंबरवर होती.

ती दुसऱ्याच दिवशी बसने धुळ्याला गेली. साचा असा पाहिजे की आपण मरू पण तो मरणार नाही, एवढं मनाशी धरून बाजार पालथा घातला. एका बेकरीच्या मागच्या दाराशी पावाचे डबे एकावर एक रचलेले दिसले. जर्मलचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे, काळे पडलेले पण एकालाही पोचा नाही.

"किती वर्षांचे हे?" तिने विचारलं.

"माझ्या वडिलांनी घेतलेले," बेकरीवाला म्हणाला. "तीस वर्षं झाली असतील."

तीस वर्षं. रूपाचं रबर तीस वर्षांत कुठल्या कुठे विरघळलं असतं. सुनंदाबाईने तसेच बारा डबे भांड्यांच्या गल्लीतून नवेकोरे घेतले आणि मांडीवर लेकरासारखे धरून घरी आणले.

आता, शिबिरातल्या बाईंनी एक गोष्ट दहा वेळा बजावून सांगितली होती: सगळ्यात ओता, पण जर्मलमध्ये सोडा घालू नका. त्या हे सांगत होत्या तेव्हा सुनंदाबाई पुढच्या रांगेतल्या अमळनेरच्या एका बाईच्या पाटल्या बघत होती. तशा पाटल्या आपल्याला का नाहीत, हा विचार संपेपर्यंत जर्मलचा धडा संपला होता.

तिने मुद्दाम मागच्या अंगणात, भिंतीला दिसेल असं मांडामांड केली. बारा डबे चकचकत होते. भिंतीवर रूपाचं डोकं आलं.

"अक्का, नया साचा का व?"

"तीस वरीस टिकतस," सुनंदाबाई म्हणाली, आणि ओतलं.

आधी डबे नुसते कुजबुजले. मग त्यांना फेस आला. मग बाराच्या बारा डबे खदखदायला लागले, काळं पाणी काठावरून उतू लागलं, असा वास सुटला की गोठ्यातल्या म्हशीने तोंड फिरवलं. सुनंदाबाईने एक डबा उचलायला हात घातला आणि बोटं भाजून घेतली. डब्याला तळाशी चाळणीसारखी भोकं पडली होती. तीस वर्षांतली पहिली पंधरा मिनिटं झाली होती.

गाव जमलं. एक जण म्हणाला, मावशीने साबण नाही, दारू लावली. रूपा मात्र हसली नाही. ती भिंत चढून अलीकडे आली, जावेचा हात धरून रांजणाच्या पाण्यात बुडवला, मग घरून मलम आणून बोटांना लावलं.

"दुखस का अक्का?"

"नई," सुनंदाबाई म्हणाली. बोटं दुखत होतीच, पण मलम जास्त झोंबत होतं. रूपा हसली असती तर सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने मोतीलालला गाठलं. "आयकतस का, त्या आटेल बोरना पाईप कथा शे?"

"गोठामांगे. कसाले?"

"काढा."

बोअर आटून तीन वर्षं झाली होती. त्यातून उपसलेला तीन इंची पीव्हीसी पाईप उन्हापावसात पडून होता आणि त्याला काही म्हणजे काही झालं नव्हतं. मोतीलालने करवतीने त्याचे हात-हातभर तुकडे केले. कडा दगडावर घासल्या. सुनंदाबाईने तुकड्याच्या एका तोंडाला युरियाच्या गोणीचं आतलं प्लास्टिक लावून वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली, आतून तेलाचा हात फिरवला, उभा धरून साबण ओतला. तिसऱ्या दिवशी पाईप थोडा वेळ उन्हात ठेवला आणि मागून लाकडी दट्ट्या लावून ढकलला. पहिल्या खेपेला साबण निघेना. मोतीलालने दट्ट्यावर बूड टेकून जोर लावला, साबण तोफेच्या गोळ्यासारखा सुटला आणि समोरच्या कापसाच्या गंजीत घुसला. तो शोधायला अर्धा दिवस गेला. पण नंतर हात बसला. साबणाची गोल कांडी निघायची, सायकलच्या ब्रेकच्या तारेने तिच्या काकडीसारख्या चकत्या पाडायच्या. काही जाड, काही बारीक. बोटांची कातडी निघालेली, तरी ती तार सोडत नव्हती.

"वजन सारकं नई येत," मोतीलाल तराजू धरून म्हणाला.

"तुम्ही डोया उघडा ठीसन मोजा ना मंग."

साचा मात्र पक्का झाला होता. पाईप आपटला, फेकला, त्यावर उभं राहिलं, काही होत नव्हतं. एवढ्यावर तिने समाधान मानलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण स्वतःचा साचा टिकतो यात अर्धाच आनंद असतो. दुसऱ्याचा टिकत नाही, तेव्हा तो पुरा होतो.

वैशाखात चुडामण आणि रूपा पिंपळनेरला लग्नाला गेले. जाताना रूपाने एक साचा धुऊन भिंतीवर वाळत टाकला होता. दुपारी गाव उन्हाला घाबरून आत बसलेलं. सुनंदाबाई भिंतीपाशी उभी राहिली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि साचा पदराखाली घेतला.

चोरी तिच्या मनात नव्हती. तिला फक्त तो थोडासा फाटायला हवा होता. विळी लावली असती तर कापल्याचं दिसलं असतं. आपोआप झिजल्यासारखा, वयाने गेल्यासारखा फाटला पाहिजे, म्हणजे रूपाने कुणाला बोल लावू नये. इतकी ती न्यायी होती.

आधी तिने त्याला ताणला. तो हातभर लांब झाला आणि सोडल्यावर चापटीसारखा तिच्याच मनगटावर बसला. मग चुलीवर भगोणं चढवून तासभर उकळला. बाहेर काढला तर आणखी गोरा. सोड्याचं कडक पाणी भरून ठेवलं, ज्याने जर्मलची चाळण केली होती. गुलाबांनी ते पाण्यासारखं धरून ठेवलं. पत्र्यावर टाकला. त्या दिवशी पत्रा इतका तापला होता की वर बसलेला कावळा पाय बदलत बदलत नाचत होता. साचा नुसता कोमट झाला. उखळात घालून मुसळाने कुटला. मुसळ प्रत्येक घावाला उडून परत हातात यायचं, शेवटी तिच्या कपाळालाच लागलं.

"काय कुटी राहिनी?" आतून मोतीलालचा झोपाळू आवाज आला.

"मिरच्या."

राहता राहिली म्हैस. सुनंदाबाईने साचा गोठ्यात म्हशीच्या मागच्या पायाखाली सारला. साडेचार क्विंटलचं ते जनावर त्यावर खूर रोवून संध्याकाळपर्यंत उभं राहिलं, रवंथ केलं, शेपूट हलवली, आणि म्हशीला जे जे करायचं असतं ते सगळं त्याच्यावर केलं. दिवे लागायच्या आधी तिने तो ओढून काढला आणि हौदावर धुतला.

सहा गुलाब. प्रत्येक पाकळी जागेवर. मांडवात मार खाऊनही जेवायला पहिल्या पंगतीत बसणाऱ्या निलाजऱ्या जावयासारखा तो साचा तिच्याकडे बघत होता.

सुनंदाबाई हौदाच्या काठावर बसली. हात दुखत होते, कपाळावर टेंगूळ आलं होतं. हा आपल्या तेराव्याचं जेवूनही शिल्लक राहील, हे तिला कळून चुकलं. आणि असली वस्तू रूपाकडे आहे, जिला तिची किंमतही माहीत नाही, हे त्याहून जास्त लागलं.

तेवढ्यात पलीकडे कडी वाजली. रूपा एक दिवस आधीच परत आली होती. साचा गेल्याचं तिला लगेच कळलं. ताईबाईने शपथेवर सांगितलं की दुपारी भिंतीवर एक वांदर बसलेलं तिने डोळ्यांनी पाहिलं. ताईबाईला दुपारी बैल आणि जावई यांतला फरक कळत नसे, पण शपथ ती शपथ. रूपाने मारुतीला नारळ बोलला. सकाळी सुनंदाबाईने पाहिलं की अंगणात कुणी नाही, आणि साचा गुपचूप भिंतीवर ठेवून दिला.

दहा वाजेपर्यंत गावभर झालं: मारुतीच्या वांदराने साचा नेला आणि मारुतीने तो परत आणवला, धुऊनसुद्धा. बाजूच्या चार गावांतून बाया यायला लागल्या. त्या साच्यातलं फूल खाजेवर जास्त गुणकारी आहे, असं ठरलं. सुनंदाबाईच्या दारातून रांग वळून पलीकडे जायची, आणि तिला तोंड उघडायची सोय नव्हती. तिने केलेल्या पापाचं पुण्य रूपाच्या खात्यावर जमा होत होतं.

ज्येष्ठातला पहिला बुधवार उजाडला. चुडामणच्या ओट्यावर सतरंजी अंथरली. भूपेंद्र आला, सोबत इलेक्ट्रॉनिक काटा. गाव भोवती उभं राहिलं.

आधी सुनंदाबाईच्या चकत्या तोलल्या. कुठे पाच ग्रॅम जास्त, कुठे आठ ग्रॅम कमी. भूपेंद्रने भुवया वर केल्या. पाईपचा तुकडा उचलून त्याने ओट्याच्या कडेवर आपटला. ओट्याचा टवका उडाला.

"हा टिकेल," तो म्हणाला.

मग रूपाचे गुलाब. काट्यावर पंचवीसच्या पंचवीस सारखे. लोकांनी माना डोलावल्या. भूपेंद्रने रूपाचा साचा दोन बोटांत लोंबता धरला.

"वजन छान आहे. पण हे काय? खेळण्यातलं रबर. दोन उकळ्यांत चिकट होईल, उन्हात तडकेल. माझ्या घरी केकचा असाच एक होता, महिन्यात फाटला."

"टिकस साहेब," रूपा हळूच म्हणाली.

"कशावरून?"

रूपा पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मारुतीनं परत दिधा ना."

"मारुतीची गॅरंटी आमच्या मालकाला चालत नाही, ताई." लोक हसले. "हे भंगार आहे. मावशी, काम तुमचं."

सुनंदाबाई जिंकली होती. दोन महिने ती ज्या क्षणासाठी जळत होती तो क्षण समोर येऊन बसला होता. तिने रूपाकडे पाहिलं. रूपाचा चेहरा उतरला होता, ओठ घट्ट मिटले होते. हाच चेहरा बघायची तिला पंधरा वर्षं हौस होती. ती आता सुखाची वाट बघत थांबली.

सुख आलं नाही. तिच्या कानात एकच शब्द घोळत राहिला: भंगार.

भंगार? मग ती काय भंगारासाठी जळत होती? बोटं भाजली, टेंगूळ आलं, दोन महिने अन्न गोड लागलं नाही, ते महिन्यात फाटणाऱ्या खेळण्यासाठी? हा चष्मेवाला दोन बोटांनी तिच्या जळण्याची किंमत करत होता, आणि ती कवडीमोल निघत होती.

"भंगार नई शे ते," सुनंदाबाई म्हणाली.

"मावशी, काम तुम्हाला दिलं की."

"दिधं ते दिधं. पन भंगार नका म्हनू. तासभर उकायेल शे मी त्याले. चिकट व्हयना नई. सोडा भरेल शे कडक, जर्मल खाई टाकं त्या सोडानी, याले काईच नई. वैशाखना ऊनमा पत्रावर टाकेल शे. मुसळवरी कुटेल शे, हाई दखा, मनं कपाळ फुटनं पन हाऊ नई फुटना. म्हैसना पायखाल दुपारभर ठेयेल शे. अशी वस्तू बठ्ठा धुळा बाजारमा भेटाव नई तुम्हले."

ती दम घ्यायला थांबली तेव्हा तिला कळलं की ओट्यावर कुणी खाजवतही नाही.

"तू?" रूपा म्हणाली. "कव्हय?"

"पिंपळनेरले गयी व्हती ना तू. तव्हय."

"मंग वांदर?" ताईबाईने विचारलं.

"वांदर नई व्हतं. मीच व्हती."

ताईबाई हिरमुसली. "मी बी म्हने, वांदरले लुगडं कसं काय."

भूपेंद्रने चष्मा काढून पुसला. साचा पुन्हा हातात घेतला, या वेळी पाचही बोटांत. ताणून पाहिला, वास घेऊन पाहिला, आणि वास घेतल्याचा पश्चात्ताप झाल्यासारखा लांब धरला.

"एवढी परीक्षा आमच्या मशिनच्या पट्ट्यांचीही होत नाही," तो म्हणाला. "साक्षीदार पण असा, ज्याचं खरं बोलण्यातच नुकसान आहे. वजन सारखं आणि साचा पक्का. मावशी, मला माफ करा, काम यांना द्यावं लागेल. फक्त फुलं नकोत. मजूर पाकळ्या बघत बसतील. साध्या चौकोनी वडीचे, पण याच रबराचे साचे मागवा, दहा."

तो गेला. लोक गेले. मोतीलाल पाईपचे तुकडे गोळा करून बायकोच्या मागून घरी आला.

"जिंकेल व्हती तू," दाराशी तो म्हणाला.

"माले माहीत शे."

"मंग?"

"तुम्हले नई समजाव." तिने पाणी पिऊन तांब्या असा आपटला की तो पुढे आठ दिवस डुगडुगत होता.

ते आठ दिवस भिंतीवर डोकं आलं नाही. मारुतीचा चमत्कार म्हशीचा निघाल्यामुळे रूपाची लांबून येणारी गिऱ्हाइकं तुटली होती. ज्यांनी ते फूल तोंडाला लावलं होतं, ते रस्त्याने तिच्याकडे न बघता जात. सुनंदाबाईकडे तर सगळेच बघत, आणि बघितलं की म्हशीसारखं रवंथ करून दाखवत. पाईपमधल्या चकत्या तेवढ्या घरापुरत्या खपत होत्या.

नवव्या दिवशी, दुपारचं ऊन कललं तेव्हा, रूपा समोरच्या दाराने आली. वाटणीनंतर ती या दाराने कधी आली नव्हती. हातात सुरतेचं पुडकं होतं. ती उंबऱ्याबाहेर बसली आणि पुडकं सोडलं. दहा साचे, तसेच गुलाबी, पण साधे, चौकोनी खळग्यांचे. तिच्या भुवयांमध्ये आठी होती. ती आठी तिथे नवीन असल्यामुळे नीट बसत नव्हती.

"मनी वस्तू तू म्हैसखाल टाकी," रूपा म्हणाली.

"टाकी."

"गोबरमा."

"धोयी व्हती नंतर."

"लोके त्यानी फुले तोंडले लायेत अक्का."

सुनंदाबाईने पुडक्याचा सुटलेला दोरा बोटाने सरळ केला.

"काबर टाकी?"

सुनंदाबाई उंबऱ्याच्या आत बसली होती. खोटं बोलायला तोंडात चारपाच गोष्टी तयार होत्या, पण जावेच्या कपाळावरची ती आठी बघून तिला कुठूनतरी मोकळं वाटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा समोर कुणी आपल्यासारखं बसलं होतं.

"तुनी व्हती म्हनीसन," ती म्हणाली.

रूपाने मान हलवली, जणू हिशेब जुळला. मग दहातला एक साचा उचलून पुढे केला. "ह्या बी मनाच शेतस. चारशे वड्या भरन्या शेतस महिनामा. एक जरी फाटना तर काम जाई. ओढ."

"माले काय काम?"

"तुनासारका जीव लाईसन कोन ओढी? ओढ म्हनस ना."

सुनंदाबाईने एक टोक धरून ओढलं. रूपाने दुसरं टोक सोडलं नाही. साचा वीतभर ताणला, हातभर ताणला. दोघींनी पाय उंबऱ्याला लावले.

"सोड आते," सुनंदाबाई म्हणाली.

"तू सोड."

"मी नई सोडाव. तू सोडं तर मना तोंडवर बसी."

"मी सोडं तर तुना. तू सोडं तर मना. माहीत शे माले."

साचा दोन हात झाला. बघणारे सांगतात अडीच. गुलाबी रबर पारदर्शक झालं, त्यातून एकीला दुसरीचा लालबुंद चेहरा दिसत होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या, दोघींचे दातांवर दात आवळले गेले. रस्त्यावरून जाणारी ताईबाई थांबली आणि बसायला दगड शोधू लागली.

मोतीलाल वावरातून आला. दारात आडवा ताणलेला साचा आणि त्याच्या दोन टोकांना लटकलेल्या दोन बाया त्याने पाहिल्या. वरून जाववेना, खालून जाववेना. तो वळसा घालून मागच्या अंगणातून आत गेला, चुलीवर आधण ठेवलं आणि थोड्या वेळाने आतून विचारलं, "साखर कथा शे?"

दोघींनाही ठाऊक होतं. पण सांगायला दात सैल करावे लागले असते.